वाट बदलली, औषध तेच

महाडजवळ सावित्रीच्या काठी असलेले सव हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. कोकणात असे झरे पुष्कळ आहेत. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे या गावांच्या नावांतच ऊन पाणी आहे. गुडघे धरलेली, कंबर आखडलेली, मानेच्या शिरा ताठलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात बसण्यासाठी येत आली. त्यांत श्रद्धेचा भाग असेल. पण स्नायू सैल होऊन घटकाभर उसंत मिळते, हा अनुभव खोटा नाही.

या कुंडांवर येणारी माणसे कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आषाढात पोटरीभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रियांची कंबर, डोंगरउतारावरून लाकडाची मोळी आणि गवताचे भारे वाहणाऱ्यांची मान, आयुष्याची उमेदीची वर्षे मुंबईच्या गिरण्यांत उभे राहून काढलेल्या आणि १९८२च्या संपानंतर गावी परतलेल्या कामगारांचे गुडघे, महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पिंपे उचलणाऱ्या तरुणांची पाठ! ही दुखणी म्हणजे या मुलखातील श्रमाची नोंदवही आहे. मजुरीचा हिशेब कागदावर राहतो, श्रमाचा सांध्यांत साठतो.

आज या नोंदवहीवर गरम पाण्यापेक्षा अधिक भरवसा औषधाच्या पट्टीचा आहे. दुखऱ्या अंगाची सूज आणि ठणका उतरविणारी डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन यांसारखी औषधे गोळीच्या, सुईच्या, मलमाच्या आणि गुदवर्तीच्या रूपात मिळतात. गुदवर्ती म्हणजे शौचाच्या मार्गाने आत ठेवावयाची, शरीराच्या उष्णतेने विरघळणारी मेणासारखी वडी. दुकानात तिला सपोझिटरी म्हणतात. तिच्याविषयी चारचौघांत बोलणे लाजिरवाणे वाटते, म्हणून तिच्याविषयीचे अज्ञानही तसेच झाकलेले राहते. ज्या औषधाविषयी बोलले जात नाही, ते नीट वापरले जाण्याची शक्यता कमी असते. सामाजिक आरोग्याचा विचार करणाऱ्यांनी ही लाज प्रथम बाजूस ठेवली पाहिजे.

एक सोयीस्कर गैरसमज

गुदवर्तीची उपयुक्तता निर्विवाद आहे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पोटाला छेद देऊन झालेल्या बाळंतपणानंतर, तोंडाने काही घेता येत नसेल तेव्हा ती वेदना आटोक्यात ठेवते. मूतखड्याच्या कळांत उलटी होत असेल तर गोळी पोटात टिकत नाही. तेथे ती कामी येते. पित्तनलिकेच्या व स्वादुपिंडाच्या दुर्बिणीच्या तपासणीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून इंडोमेथासिनची गुदवर्ती दिली जाते. तिचा उपयोग २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आला. गुदाशयाच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या यकृताला वळसा घालून थेट मुख्य रक्तप्रवाहाला मिळतात, त्यामुळे औषधाचा काही भाग यकृतात न अडकता शरीरात पसरतो.

येथूनच गैरसमजाला प्रारंभ होतो. गोळी पोटात जाते म्हणून पोट बिघडते, गुदवर्ती पोटात जात नाही म्हणून ती निर्धोक, असे सरळसोट तर्कशास्त्र लोकांच्या मनात रुजले आहे. पूर्वी अल्सर झालेली माणसेही याच भरवशावर ती वापरतात. परंतु हे तर्कशास्त्र औषधाच्या कार्यपद्धतीला धरून नाही.

१९७१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ॲस्पिरीनच्या गटातील औषधे शरीरात नेमके काय करतात हे दाखवून दिले. त्यासाठी १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. ही द्रव्ये सूज आणि ठणका वाढवितात, हे खरे. पण तीच जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. औषध तोंडावाटे घेतले काय किंवा गुदावाटे घेतले काय, रक्तात मिसळल्यावर ते सर्वत्र पोहोचते आणि दुखऱ्या गुडघ्याबरोबर जठराचे संरक्षणही काढून घेते. गोळीचा जठराशी होणारा प्रत्यक्ष स्पर्श तेवढा टळतो. वाट बदलली तरी औषध तेच राहते; धोकाही बव्हंशी तोच राहतो.

हिशेब आणि पथ्य

गुदवर्तीच्या सुरक्षित वापराचा पहिला नियम साध्या बेरजेचा आहे. प्रौढ माणसासाठी डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मर्यादा सामान्यतः १५० मिलिग्रॅम मानली जाते, आणि ही मर्यादा सर्व मार्गांची मिळून आहे. रात्री १०० मिलिग्रॅमची गुदवर्ती ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या की बेरीज २०० होते. त्याच दिवशी ७५ मिलिग्रॅमची सुई टोचून घेतली तर ती २७५वर जाते. प्रत्येक वस्तू वेगळ्या व्यापारी नावाने येत असल्यामुळे घेणाऱ्याला आपण तीन निरनिराळी औषधे घेत आहोत असे वाटते. वस्तुतः तो एकच औषध जवळजवळ दुप्पट प्रमाणात घेत असतो. आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही याच कुळातील औषधे. त्यांपैकी दोन एका वेळी घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. म्हणून व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ नाव वाचणे आणि कमीत कमी मात्रा कमीत कमी दिवस घेणे, हे या औषधाचे मुख्य पथ्य होय.

प्रत्यक्ष वापराची रीत अवघड नाही, पण ती सांगावी लागते. शौचास जाऊन आल्यावर हात धुऊन, वेष्टन पूर्णपणे काढून, वडीला थोडे पाणी लावून, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन ती आत सरकवावी आणि पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे. वेष्टनासकट ठेवलेली किंवा गोळी समजून गिळलेली गुदवर्ती ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. न सांगितलेल्या सूचनेचा तो परिणाम असतो. कोकणच्या वैशाखात पत्र्याच्या घरात ती मऊ पडते. म्हणून थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. मोठ्यांची वडी कापून मुलांना देऊ नये, कारण तुकड्यात नेमके किती औषध आले हे सांगता येत नाही. ठेवल्यानंतर ती बाहेर आली तर विचारल्याशिवाय लगेच दुसरी ठेवू नये.

ती कोणी टाळावी हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव होऊन गेलेले, मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे झालेले, गुदाशयाला सूज असलेले किंवा मुळव्याधीतून रक्त जाणारे, वेदनाशामकाने दमा उसळणारे यांनी ती वापरू नये. युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१३मध्ये हृदयविकार, हृदयाचा अशक्तपणा आणि पक्षाघात यांच्या रुग्णांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे बजावले. अमेरिकेच्या संस्थेने २०२०मध्ये गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यापासून पुढे या कुळातील औषधे टाळावीत असा इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर ती गर्भाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी अकाली बंद करू शकतात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांना रक्तस्रावाची भीती अधिक. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि वर हे वेदनाशामक, असा तिहेरी मारा मूत्रपिंडावर झाला तर ते अचानक काम थांबवू शकते. डांबरासारखा काळा शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, छातीत दुखणे, धाप किंवा अंगावर पुरळ यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठले पाहिजे.

महाड-पोलादपूरच्या संदर्भात यांतील दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, उन्हात घाम गाळून, पाणी न पिता दिवसभर राबणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड ज्या वेळी प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर तग धरून असते, नेमक्या त्याच वेळी हे औषध तो आधार काढून घेते. म्हणजे ज्याला वेदनाशामकाची सर्वाधिक गरज भासते त्यालाच त्याचा धोकाही अधिक असतो. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जुलै २०२१च्या महापुरात महाड शहर बुडाले तेव्हा चिखल उपसणाऱ्या हातांमागोमाग तापाची साथ येऊ नये याची चिंता सर्वांनाच होती. डेंग्यूत रक्त गोठण्याची क्रिया आधीच कमकुवत झालेली असते. त्यात हे औषध रक्तस्रावाला निमंत्रण देते. लेप्टोस्पायरोसिसमध्ये मूत्रपिंडावरच घाला पडलेला असतो. चिकुनगुन्यात सांधे असह्य दुखतात. पण डेंग्यू नाही याची खात्री झाल्याशिवाय तेथेही ही औषधे घेऊ नयेत. पावसाळी तापात अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई किंवा गुदवर्ती मागणे हा म्हणूनच घातक रिवाज आहे. तेथे योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि रक्ताची तपासणी हाच मार्ग.

गिधाडांनी दिलेली साक्ष

स्वस्त औषधाची खरी किंमत किती असू शकते, याचा एक दाखला रायगड जिल्ह्याला जवळून ठाऊक आहे. म्हसळा-श्रीवर्धनच्या जंगलांत गिधाडे जगविण्यासाठी स्थानिक कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे खपावे लागले. ती नाहीशी होण्याचे कारण २००४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील संशोधनाने उघड केले : दुखणाईत गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारताने २००६मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. ते थांबविण्यासाठी २०१५मध्ये सुईच्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी असा नियम करावा लागला.

गिधाड या औषधाला माणसापेक्षा कितीतरी पटींनी अधिक संवेदनशील आहे. तेव्हा एकाचे गणित दुसऱ्याला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. येथे धडा आहे तो अर्थशास्त्राचा. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे अनुमान काढले की, गिधाडे नाहीशी झाल्याने कुजत पडलेली जनावरे, वाढलेली भटकी कुत्री आणि दूषित पाणी यांमुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. औषध विकणाऱ्याच्या जमाखर्चात या मृत्यूंची नोंद कोठेही नाही. नफा खासगी आणि नुकसान सार्वजनिक, या व्यवहाराचे याहून भेदक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

नियम कागदावर, माणूस दुकानात

डायक्लोफेनॅक आणि इंडोमेथासिन ही दोन्ही औषधे कायद्याच्या ‘एच’ परिशिष्टात आहेत; म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध देणारी व्यक्तीही नोंदणीकृत असावी लागते. प्रत्यक्षात दुखण्याचे नाव सांगितले की पट्टी हातात पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी उरलेली गुदवर्ती घरातल्या फडताळात राहते आणि सहा महिन्यांनी आजीच्या कंबरेसाठी बाहेर निघते. पाकिटावरील सूचना प्रायः इंग्रजीत आणि भिंगाखाली धराव्या लागतील अशा अक्षरांत असतात.

व्यापारी नावांच्या या जंगलाविषयी इशारा मिळाला नव्हता असे नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५मध्येच औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावे रूढ करावीत आणि आवश्यक औषधांची मर्यादित यादी ठेवावी अशी शिफारस केली होती. ती बासनात गेली आणि एकाच गोळीत दोन-तीन औषधे कोंबण्याचा धंदा फोफावला. २०१६मध्ये केंद्र सरकारने अशा ३४४ मिश्रणांवर बंदी घातली; निमेसुलाइड आणि डायक्लोफेनॅक ही एकाच कुळातील दोन औषधे एकत्र केलेले मिश्रणही त्यांत होते. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि पुन्हा तपासणी होऊन २०१८मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. असली मिश्रणे बाजारात येऊच कशी शकली, याचे उत्तर मात्र कोणी दिलेले नाही.

याबाबत एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीतून डॉक्टरकडे जाण्यात एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. अशा माणसाला चिठ्ठीशिवाय औषध देऊ नका म्हणणे म्हणजे त्याला कळा सोसत बसा म्हणणे नव्हे काय? हा आक्षेप रास्त आहे. सेवा न पुरविता केलेले नियंत्रण ही गरिबाला दिलेली शिक्षाच असते. म्हणूनच केवळ बंदोबस्ताची मागणी अपुरी आहे. परंतु जे दुकान सल्ला देत नाही आणि जे सरकार डॉक्टर देत नाही, त्या दोघांच्या मधल्या पोकळीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

प्रश्नाचे मूळ याहूनही खोल आहे. १९४८च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळण्याची तरतूद आहे. लावणीवरच्या बाईला असा एकही दिवस नाही. तिने कंबर दुखते म्हणून विश्रांती घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. गोळी किंवा गुदवर्ती काही रुपयांत मिळते. ती करते तो हिशेब तिच्या परिस्थितीत चुकीचा नाही. कारखानदार यंत्राला तेल घालतो तेव्हा तो खर्च उत्पादनाच्या खर्चात धरतो. मजूर स्त्री स्वतःच्या शरीराला जे तेल घालते त्याचा खर्च ती स्वतःच सोसते आणि वीस वर्षांनी मूत्रपिंडाच्या रूपाने त्याचे व्याजही भरते. अशा माणसाला ‘वेदनाशामके जपून वापरा’ एवढाच उपदेश करणे हे अर्धसत्य आहे. जपून वापरण्याची ऐपतही त्याला मिळवून दिली पाहिजे.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. मुदत उलटली, उद्दिष्ट दूरच राहिले. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२३पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले, हे स्वागतार्ह आहे. पण निःशुल्क केसपेपरवर औषध आणि तपासणीही मिळाली तरच त्याला अर्थ. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय दीर्घकाळ वेदनाशामक दिले जाऊ नये; चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, दिवसाची मर्यादा आणि किती दिवस घ्यावयाचे ते मराठीत ठळक लिहिले जावे; गुदवर्तीच्या पाकिटात मराठीत सचित्र सूचना असावी; औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर आहे की त्याचे केवळ प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आहे, हे तपासले जावे; आणि शेतमजूर व कंत्राटी कामगार यांना आजारपणाच्या दिवसांची मजुरी मिळावी. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. त्या पुऱ्या होण्यासाठी मात्र संघटित रेटा लागेल.

कार्यकर्त्यांनाही तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : दुखण्यावर घरात कोणकोणती औषधे आहेत, त्यांची मूळ नावे काय आणि ती किती दिवसांपासून चालू आहेत? फडताळातील पट्ट्या एका चटईवर मांडल्या की एकच औषध तीन नावांनी समोर येईल. त्यातून जो संवाद सुरू होईल तो आरोग्यापाशी थांबणार नाही. कामाचे तास, मजुरी, पाणी आणि विश्रांती यांपर्यंत तो जाईलच.

औषध आणि ज्ञान यांची सांगड घातली तर काय घडू शकते, हे महाडच्या मातीने एकदा दाखविले आहे. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, तडफडून मरत असत. महाड परिसरातील सरकारी आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध या दंशावर वापरून अनेकांचे प्राण वाचविले. जगाने त्याची दखल घेतली. प्राझोसिन आधीपासून बाजारात होतेच. त्याला जीवदान देणारे औषध बनविले ते खेड्यात राहिलेल्या, निरीक्षण करणाऱ्या आणि सरकारी पगारावर काम करणाऱ्या डॉक्टरने.

डायक्लोफेनॅकची कथा याच्या उलट आहे : औषध सर्वत्र पोहोचले, ते समजावून सांगणारा माणूस पोहोचला नाही. सवच्या कुंडात उतरणारी म्हातारी घटकाभर आराम मिळवून घरी जाते. पाणी तिचे दुखणे नाहीसे करीत नाही, पण तिच्या मूत्रपिंडालाही धक्का लावीत नाही. तिच्या फडताळातल्या औषधाविषयी तेवढेच निश्चिंतपणे बोलता यावे, एवढी व्यवस्था उभी करणे हे सार्वजनिक काम आहे.